गोवर उतरल्यानंतरचे महिने : बालकांच्या जगण्यावर होणारे दूरगामी परिणाम, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यात पालकांशी, आशाताईंशी आणि अंगणवाडी सेविकांशी गोवराविषयी बोलताना एक वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकू येते : "गोवर काय, निघतो आणि आठवड्याभरात उतरतो." पुरळ उतरते, हे खरे आहे. पण त्यानंतर दोन-चार महिन्यांनी तेच मूल न्यूमोनियाने किंवा जुलाबांनी दगावले, तर त्याच्या मृत्यूच्या कागदावर गोवराचे नाव नसते आणि घरातल्या कोणाच्या मनातही ते येत नाही. पुढील प्रश्न मला पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर, मालेगावच्या वस्त्यांत आणि नाशिक शहरातील सुशिक्षित घरांतही विचारले गेले आहेत. उत्तरे पुरळानंतरच्या त्या महिन्यांकडे लक्ष ठेवूनच लिहिली आहेत.

गोवर हा पुरळाचा साधा आजार आहे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते चूक आहे का?

पुरळ हे गोवराचे बाहेर दिसणारे रूप आहे. आजार मात्र सर्व शरीराचा असतो. त्याचा विषाणू श्वासावाटे आत शिरतो, लसिका ग्रंथींमध्ये वाढतो आणि रक्तावाटे फुफ्फुसे, आतडी, डोळे, त्वचा अशा सर्व ठिकाणी पोहोचतो. संसर्ग झाल्यापासून साधारण दहा ते चौदा दिवसांनी ताप, सर्दी, कोरडा खोकला आणि लाल, पाणावलेले डोळे दिसू लागतात. गालांच्या आतल्या बाजूस मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटतात, आणि मग कानांमागून व चेहऱ्यावरून सुरू झालेले पुरळ खाली पायांपर्यंत उतरत जाते.

मूल पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून पुरळानंतर चार दिवसांपर्यंत इतरांना संसर्ग देऊ शकते, आणि ते खोलीतून निघून गेल्यानंतरही दोन तासांपर्यंत त्या हवेत विषाणू टिकून राहतो. संरक्षण नसलेल्या लोकवस्तीत गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना आजार देतो. इतक्या वेगाने पसरणारे आजार फार थोडे आहेत.

पुरळ गेले, ताप गेला, मूल खेळू लागले. त्यानंतरही धोका राहतो, म्हणजे नेमके काय होते?

आपल्या शरीरात पूर्वी भेटलेल्या रोगजंतूंची ओळख साठवून ठेवणाऱ्या पेशी असतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. दोन वर्षांच्या मुलाने तोवर कितीतरी सर्दी-खोकले, जुलाब आणि कानाचे संसर्ग सोसलेले असतात, आणि प्रत्येक आजारपणातून त्याच्या शरीराने काही ना काही शिकून ठेवलेले असते. गोवराचा विषाणू नेमका याच पेशींवर चाल करून जातो, कारण त्याला आत शिरण्यासाठी लागणारा सीडी१५० नावाचा ग्राही या पेशींच्या पृष्ठभागावर भरपूर असतो. संसर्गाच्या काळात या पेशी मोठ्या संख्येने मरतात.

यातला फसवा भाग पुढे आहे. थोड्याच दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या पूर्ववत होते, त्यामुळे रक्ततपासणीचा अहवाल पाहून सर्व ठीक आहे असे वाटते. परंतु नव्याने भरून आलेल्या पेशींपैकी पुष्कळशा केवळ गोवराला ओळखणाऱ्या असतात. म्हणूनच गोवर होऊन गेलेल्या माणसाला पुन्हा गोवर होत नाही, पण इतर आजारांविरुद्धची त्याची जुनी शिदोरी रिकामी झालेली असते. शास्त्रज्ञ याला रोगप्रतिकारक स्मृतिभ्रंश म्हणतात. हरवलेली ओळख परत मिळवायची, तर मुलाला त्या त्या जंतूला पुन्हा सामोरे जावे लागते, म्हणजेच पुन्हा आजारी पडावे लागते. ज्या घरात पोटभर आहार, स्वच्छ पाणी आणि वेळेवर औषध आहे, तेथे मूल हा काळ बहुधा पार करते. ज्या घरात यातले काहीच नाही, तेथे ही दुसरी फेरी त्याच्या जिवावर बेतू शकते.

याला पुरावा काय?

पुरावा एका ठिकाणचा किंवा एका काळाचा नाही. व्हिएन्नामधील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०८ मध्येच नोंदवले होते की, ज्या मुलांची क्षयरोगासाठीची ट्युबरक्युलिन त्वचा-चाचणी आधी सकारात्मक येत होती, तीच गोवराच्या काळात नकारात्मक येऊ लागली. शरीर क्षयाच्या जंतूची ओळख तात्पुरती विसरले होते. विषाणूमुळे प्रतिकारशक्ती दबते, याची ही अगदी सुरुवातीची नोंद होय.

पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ या देशात डॅनिश संशोधक पीटर आबी यांनी घरोघरच्या मुलांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. गोवराची लस आल्यावर तेथील बालमृत्यू गोवराच्या नावावर असलेल्या मृत्यूंपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात घटले, असे त्यांच्या लक्षात आले. बांगलादेशातील मतलब या ग्रामीण भागात, जेथे जन्म-मृत्यूंची नोंद अनेक वर्षे काटेकोरपणे ठेवली जाते, लस घेतलेल्या मुलांमधील मृत्यू न घेतलेल्यांच्या तुलनेत ४६ टक्क्यांपर्यंत कमी असल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. केवळ गोवर टळल्याने एवढी घट व्हावी, इतके मृत्यू गोवराच्या नावावर कधीच नव्हते.

२०१५ मध्ये मायकेल मिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंड-वेल्स, डेन्मार्क आणि अमेरिका येथील अनेक दशकांच्या मृत्युनोंदी तपासल्या. ज्या वर्षी गोवर अधिक, त्यानंतरची दोन ते तीन वर्षे इतर संसर्गांनी होणारे बालमृत्यूही अधिक, असे सूत्र त्यांना आढळले. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या, गोवरापूर्वी आणि गोवरानंतर घेतलेल्या रक्तनमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोवरानंतर त्या मुलांच्या रक्तातील इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना ओळखून रोखणारी रक्तातील प्रथिने, नाहीशी झाली होती. ही मुले चांगल्या खात्यापित्या घरांतली होती, हे मला येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. कुपोषित मुलावर हाच घाव पडला तर काय होईल, याची कल्पना त्यावरून करता येते.

सगळे अभ्यास मात्र एकाच सुरात बोलत नाहीत. सेनेगलमधील एका अभ्यासात सौम्य गोवर होऊन गेलेल्या मुलांमध्ये नंतरच्या काळातील मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. बालमृत्यूंतील घट स्मृतिभ्रंश टळल्यामुळे किती आणि लसीने प्रतिकारशक्तीला मिळणाऱ्या सर्वसाधारण चालनेमुळे किती, याविषयी आबी आणि इतर संशोधक यांच्यात मतभेद आहेत. या वादाचा निकाल काहीही लागला तरी आईवडिलांसाठी निष्कर्ष एकच राहतो : लस घेतलेली मुले अधिक संख्येने जगतात.

गोवरामुळे दरवर्षी किती मुले दगावतात, हे आकडे मग विश्वासार्ह आहेत का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, लसीकरण सर्वदूर पोहोचण्यापूर्वी, १९८० च्या सुमारास, जगात गोवराने दरवर्षी सुमारे २६ लाख मृत्यू होत. २०२३ मध्ये हा अंदाज सुमारे १ लाख ७ हजार ५०० इतका खाली आला होता, आणि त्यातील बहुतेक मुले पाच वर्षांखालील होती. ही घट फार मोठी आहे आणि ती लसीने घडवली आहे.

पण कोणता मृत्यू गोवराचा मानायचा, याची व्याख्या लक्षात घ्यावी लागते. पुरळ दिसल्यापासून साधारण तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू गोवराच्या खात्यात धरला जातो. साथीच्या वेळी मोजदाद करण्यासाठी अशी सीमा आवश्यकच असते. मात्र पंचेचाळिसाव्या दिवशी जुलाबांनी गेलेले मूल, तिसऱ्या महिन्यात न्यूमोनियाने गेलेले मूल आणि वजन भरून न आल्यामुळे पुढच्या पावसाळ्यात गेलेले मूल या हिशेबाबाहेर राहते. आकडे खोटे नाहीत, पण ते अपुरे आहेत.

तोच विषाणू युरोपात आणि आपल्याकडे इतका वेगळा का वागतो?

विषाणू तोच असतो, परंतु ज्या परिस्थितीत तो मुलाला गाठतो ती वेगळी असते. पोषण आणि उपचार चांगले असलेल्या देशांत गोवराच्या हजार रुग्णांमागे एक ते तीन मृत्यू होतात. गरीब देशांत पूर्वीपासून हे प्रमाण शंभरामागे तीन ते सहा असे सांगितले जाते, आणि निर्वासितांच्या छावण्यांत किंवा दुष्काळात ते त्याहूनही पुष्कळ वर जाते.

या फरकाला कुपोषण हे एकमेव कारण आहे, असे बरीच वर्षे समजले जाई. आबींच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली : दाटीवाटी. घरात ज्या मुलाला बाहेरून गोवर येतो, त्याच्यापेक्षा त्याच्याकडून ज्या भावंडाला लागण होते त्याचा आजार अधिक गंभीर असतो आणि मृत्यूचे प्रमाणही अधिक असते. एका खोलीत, एकाच अंथरुणावर, रात्रभर खोकणाऱ्या भावाशेजारी झोपलेल्या बाळाच्या श्वासातून फार मोठ्या मात्रेत विषाणू आत जातो. मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटाला लागून असलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत दोन कुटुंबे राहताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. अशा घरात मुलाला वेगळ्या खोलीत ठेवा असे सांगणे निरर्थक आहे. तान्ह्या बाळाला निदान आजारी भावंडाच्या अंथरुणापासून दूर, खिडकीच्या किंवा दाराच्या बाजूला निजवा, हे सांगता येते आणि पाळताही येते.

वय हेही मोठे कारण आहे. गर्दीच्या वस्त्यांत मुलांना गोवर लवकर, म्हणजे एक-दोन वर्षांच्या आतच गाठतो, आणि याच वयात तो सर्वांत घातक असतो.

गोवर झालेल्या मुलाला अ जीवनसत्त्व का देतात?

कारण गोवर शरीरातील अ जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने रिकामा करतो, आणि हे जीवनसत्त्व डोळ्यांच्या, श्वासनलिकेच्या आणि आतड्यांच्या आतल्या अस्तराला शाबूत ठेवते. साठा आधीच तुटपुंजा असेल तर बुबुळ कोरडे पडते, त्यावर व्रण होतो आणि मूल काही दिवसांत कायमचे आंधळे होऊ शकते. विकसनशील देशांत बालपणी आलेल्या अंधत्वामागे गोवर हे दीर्घकाळ एक प्रमुख कारण राहिले आहे. आंधळे झालेले मूल गरिबाच्या घरी फार वर्षे जगत नाही, हेही तितकेच खरे आहे.

इंडोनेशियातील आचे प्रांतात आल्फ्रेड सॉमर यांनी केलेल्या आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अ जीवनसत्त्वाचे डोस मिळालेल्या गावांतील लहान मुलांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. त्यानंतर टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतील रुग्णालयांत गोवराच्या मुलांवर झालेल्या चाचण्यांतही या जीवनसत्त्वाने मृत्यू घटतात असे दिसले. आज गोवराच्या प्रत्येक मुलाला लागोपाठ दोन दिवस हा डोस देण्याची शिफारस आहे : सहा महिन्यांखाली ५०,००० एकके, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला १ लाख एकके आणि एक वर्षावरील मुलाला २ लाख एकके. डोळ्यांत कोरडेपणाची लक्षणे असतील तर दोन ते सहा आठवड्यांनी तिसरा डोस देतात. हे औषध स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ते डॉक्टरांच्या किंवा परिचारिकांच्या हातूनच घ्यावे, कारण जास्त मात्रा अपायकारक ठरते.

आजी म्हणते, "गोवर आत बसू देऊ नका, अंघोळ घालू नका, पथ्य पाळा." तिचे ऐकावे का?

आजीची माया खरी आहे, आणि तिच्या काही गोष्टी ऐकण्यासारख्याही आहेत. मुलाला घरात निवांत ठेवणे, अंधाऱ्या जागी डोळ्यांना आराम देणे, बाहेरच्या मुलांना येऊ न देणे आणि दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधून शेजाऱ्यांना सावध करणे यात नुकसान काहीच नाही, उलट साथ थोपवण्यास मदतच होते. त्यामुळे कडुनिंबाचा डहाळा पाहून रागावणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांशी मी सहमत नाही.

नुकसान पथ्याने होते. दूध बंद, अंडे बंद, तेल बंद, वरण बंद, नुसते भाताचे पाणी : अशा आहारावर आधीच तापाने खंगलेले मूल आठ-दहा दिवस राहिले, तर त्याचे वजन जे घटते ते भरून येण्यास महिने लागतात, आणि तेच महिने सर्वाधिक जोखमीचे असतात. स्तनपान एक दिवसही थांबवू नये. डोळ्यांत मध, पाल्याचा रस किंवा अंगावरचे दूध घालू नये. "गोवर आत बसला" असे म्हणून पुरळ बाहेर काढण्यासाठी गरम औषधे देण्यात वेळ दवडू नये, कारण पुरळ नीट न उमटता मुलाचा श्वास वाढला असेल तर बहुधा तो न्यूमोनिया असतो.

पुरळ उतरल्यावर किती दिवस आणि कशाकडे लक्ष द्यावे?

पहिला महिना रोज लक्ष द्यावे, आणि त्यानंतर किमान सहा महिने मुलाचे वजन दरमहा करून घ्यावे. पुढील दोन-तीन वर्षे, मुलाला कोणताही ताप, जुलाब किंवा खोकला झाल्यास डॉक्टरांना "याला अमुक महिन्यात गोवर झाला होता" हे आठवणीने सांगावे. हे एक वाक्य डॉक्टरांचा निर्णय बदलू शकते.

श्वास मोजणे प्रत्येक आईला जमते. मूल शांत असताना त्याचा सदरा वर करावा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा चाळीस किंवा अधिक असेल, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मूल काहीही पीत नसेल, झटके आले असतील, फार मलूल असेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा बुबुळ धुरकट दिसत असेल, तरी तसेच. कान फुटून वाहणे हे गोवरानंतर फार सर्रास दिसते. त्याने जीव जात नाही, परंतु दुर्लक्षाने ऐकू येणे कमी होते, आणि ऐकू न येणारे मूल शाळेत मागे पडते.

जुलाब झाले तर ओआरएस आणि त्यासोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस पूर्ण द्याव्यात. जुलाब थांबले म्हणून झिंक चौथ्या दिवशीच बंद केलेली घरे मी पुष्कळ पाहिली आहेत.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला आणि वजन न वाढणे ही जोडी दिसली, तर क्षयाची तपासणी करून घ्यावी. गोवराने प्रतिकारशक्ती दबली की शरीरात सुप्त असलेला क्षय डोके वर काढू शकतो, आणि आपल्याकडे घराघरांत क्षयाचा संपर्क असल्याने ही गोष्ट गंभीरपणे घ्यावी लागते.

वजन भरून येण्यासाठी खायला काय द्यावे?

जे घरात आहे तेच, पण दिवसातून एक वेळ अधिक, आणि हे किमान महिनाभर. पेठ-सुरगाण्याकडे नागली घरोघरी असते. नागलीच्या पेजेत चमचाभर शेंगदाण्याचे कूट आणि थोडे तेल किंवा तूप घातले की तीच पेज दमदार होते. शेवग्याचा पाला, पिकलेला आंबा, पपई, अंडे हे अ जीवनसत्त्वाच्या दृष्टीनेही चांगले. तोंड आल्यामुळे मूल खात नसेल तर थंड, मऊ आणि बिनतिखटाचे पदार्थ थोडे थोडे द्यावेत.

अंगणवाडीत दंडघेर मोजण्याची तिरंगी पट्टी असते. पेठ तालुक्यातील एका अंगणवाडीच्या ओट्यावर दीड वर्षाच्या एका मुलीच्या दंडाला सेविकेने ती पट्टी गुंडाळली, तेव्हा बाण लाल रंगावर, ११.५ सेंटीमीटरच्या खाली येऊन थांबला. वजनाच्या आलेखावर दोन महिन्यांपूर्वीपर्यंत चढत असलेली रेघ एकाएकी खाली वळली होती. काय झाले होते असे विचारल्यावर आई म्हणाली, "काहीच नाही, गोवर झाला होता, पण तो केव्हाच गेला." लाल रंगावरच्या मुलाला घरी ठेवून वाट पाहायची नसते. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात किंवा निदान प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच आठवड्यात दाखवावे लागते.

गोवर झाल्यानंतर कित्येक वर्षांनी मेंदूचा आजार होतो, हे खरे आहे का?

होय. त्याला एसएसपीई म्हणतात. विषाणू मेंदूत दबा धरून राहतो आणि साधारण सात ते दहा वर्षांनी आजार प्रकट होतो. चांगले शिकणारे मूल अभ्यासात मागे पडू लागते, स्वभाव बदलतो, मग अंगाला हिसके बसतात, मूल चालता चालता पडते, आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत अंथरुणाला खिळते. यावर बरे करणारे औषध नाही. हा आजार दुर्मीळ आहे, परंतु ज्यांना दोन वर्षांच्या आत गोवर झाला त्यांच्यात त्याचा धोका अधिक असतो. त्या मुलांचे आईवडील पहिल्यांदा शिक्षकांकडे जातात, मग मानसोपचारांकडे, आणि सर्वांत शेवटी योग्य डॉक्टरांकडे पोहोचतात. लहानपणचा गोवर तोवर कोणाच्या लक्षातही नसतो.

लस नऊ महिन्यांनीच का, आणि दोनदा का?

आईकडून मिळालेली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात आणि तोपर्यंत दिलेली लस ती निष्प्रभ करतात. फार लवकर दिली तर लस वाया जाते, फार उशिरा दिली तर गोवर आधी पोहोचतो. आपल्यासारख्या देशात नऊ महिने हा या दोहोंमधला तोल आहे. नवव्या महिन्यात दिलेल्या एका डोसने साधारण शंभरातील पंच्याऐंशी मुले सुरक्षित होतात. उरलेल्या पंधरांसाठी दुसरा डोस असतो. तो शक्तिवर्धक डोस नाही. पहिल्या वेळी ज्यांच्या शरीराने दाद दिली नाही, त्यांना मिळालेली ती दुसरी संधी असते. दोन डोसांनंतर संरक्षण ९५ टक्क्यांच्या वर जाते, आणि गोवराची साथ रोखण्यासाठी वस्तीतील सुमारे ९५ टक्के मुले अशी सुरक्षित असावी लागतात.

भारतात १९८५ मध्ये गोवराची लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आली आणि २०१० पासून दुसरा डोस सुरू झाला. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर आणि रुबेला (पुरळ आणणारा दुसरा विषाणूजन्य आजार) या दोन्हींविरुद्ध एकत्रित लसीची गोवर-रुबेला मोहीम झाली. आता गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत दिला जातो, आणि दोन्ही वेळी अ जीवनसत्त्वाचा डोसही तोंडावाटे मिळतो.

लसीकरणाच्या दिवशी एक गोष्ट आवर्जून पाहावी. ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते, ती द्रावकात मिसळल्यावर चार तासांत वापरावी लागते, आणि परिचारिका कुपी फोडल्याची वेळ कुपीवरच लिहितात. सुई उजव्या दंडावर, कातडीखाली दिली जाते. आईने वेळ विचारली तर चांगली परिचारिका रागावत नाही, कुपी फिरवून दाखवते.

लसीत जिवंत विषाणू असतो. मग लसीनेही प्रतिकारशक्तीची आठवण पुसली जाते का?

नाही. लसीतील विषाणू दुबळा केलेला असतो. लस घेतलेल्या मुलांच्या रक्तात इतर आजारांविरुद्धची प्रतिपिंडे घटलेली आढळत नाहीत.

मुलाला गोवर होऊन गेला आहे. आता लस कशाला?

द्यावीच. प्रत्येक पुरळ गोवराचे नसते, आणि या लसीत रुबेलाविरुद्धचे संरक्षणही असते. आधी गोवर झालेला असला तरी लसीने अपाय होत नाही.

लसीविषयी शंका घेणे चूक आहे का?

मुळीच नाही. शंका विचारणाऱ्या पालकांना गप्प बसवणे हीच चूक आहे. लसीच्या इतिहासात खरोखरीचा एक धोका सापडला होता आणि तो शंका घेतल्यामुळेच सापडला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सहा महिन्यांच्या बाळांसाठी जास्त तीव्रतेची एक गोवर लस शिफारशीत आली. सेनेगल, गिनी-बिसाऊ आणि हैती येथील पाठपुराव्यात ती घेतलेल्या मुलींमधील मृत्यू अधिक आढळले आणि १९९२ मध्ये ती मागे घेण्यात आली. आज दिली जाणारी लस ती नव्हे. नेहमीच्या तीव्रतेच्या लसीवर पन्नासहून अधिक वर्षांचा अनुभव आहे.

या लसीमुळे मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) होते, ही भीती मात्र निराधार आहे. ज्या १९९८ च्या लेखाने ती पसरवली, तो लॅन्सेट या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, आणि त्यानंतर लाखो मुलांच्या नोंदींत असा कोणताही संबंध दिसलेला नाही.

२०२२ मध्ये मालेगावात गोवर का पसरला?

त्या वर्षीच्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीला, भिवंडीत आणि आपल्या जिल्ह्यात मालेगावला गोवराची साथ आली. करोनाच्या दोन वर्षांत लसीकरणाची सत्रे विस्कळीत झाली होती, आणि डोस चुकलेली मुले दाट वस्त्यांत साठत गेली होती. गोवराला एवढेच लागते. त्या वेळी केंद्र सरकारने साथीच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस देण्याची, आणि जेथे नऊ महिन्यांखालील बाळांतही प्रमाणाबाहेर लागण होती तेथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना अधिकचा डोस देण्याची सूचना केली. हा अधिकचा डोस मोजणीत धरत नाहीत. नेहमीचे दोन्ही डोस त्यानंतर घ्यावेच लागतात, आणि हे न समजल्याने "आमचे दोन झाले" असे म्हणणारी घरे नंतर भेटली.

मालेगावच्या लोकांनाच दोष देण्याची जी भाषा तेव्हा ऐकू आली, ती मला मान्य नाही. शंका तेथे होत्या, पण त्या दूर करायला त्यांच्या भाषेत बोलणारे कोणी किती वेळा गेले, हाही प्रश्न विचारायला हवा.

आम्ही द्राक्षांच्या कामासाठी गाव सोडून येतो. डोसची तारीख त्याच काळात आली तर?

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडची कुटुंबे छाटणीला आणि पुढे द्राक्षखुड्याला दिंडोरी-निफाडच्या मळ्यांवर येतात, आणि खुड्याचे जानेवारी ते मार्च हे महिने गोवराच्या हंगामाशी जुळतात. तारीख गावात उलटते आणि मळ्यावर कोणी विचारत नाही, अशी ही मुले दोन्हीकडच्या यादीतून सुटतात. वीटभट्टीवरच्या मुलांचेही तेच होते.

लस कोणत्याही गावातील उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा लसीकरण सत्रात मोफत मिळते. त्यासाठी तेथले रहिवासी असावे लागत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात सोबत आणावे, आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे. कार्ड हरवले असेल तरी डोस नाकारला जाऊ नये. नक्की आठवत नसेल तर दिलेला डोस पुन्हा दिल्याने नुकसान नाही. तारीख उलटली म्हणून पहिला डोस बाद होत नाही. पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस देता येतो, आणि दोन डोसांत किमान चार आठवड्यांचे अंतर असले की पुरते.

बागाईतदारांनाही माझी एक विनंती आहे. मजुरांची टोळी उतरली की त्याच दिवशी गावातल्या आशाताईंना फोन करून टोळीसोबत पाच वर्षांखालची किती मुले आहेत ते सांगावे. पुढचे सत्र मळ्यावरच घेता येते.